'त्याग' आणि 'टाकणे' : मराठीतील एका अर्थविभागणीविषयी

मराठीच्या पदव्युत्तर प्रबंधिकांत आणि चर्चासत्रांतील निबंधांत दोन विशेषणे गेली कित्येक वर्षे ठरलेल्या जागी येत आली आहेत. पुरुषपात्र घर सोडून धर्माच्या, ध्येयाच्या वा कलेच्या मागे गेले की ते 'त्यागी' ठरते. त्याच्या मागे राहिलेली पत्नी 'परित्यक्ता' ठरते आणि तिने मुकाट्याने सोसले असेल, तर 'त्यागमूर्ती' ही पदवीही तिला मिळते. एकाच घटनेचे असे दोन वाक्यांत विभाजन होते. पहिल्या वाक्यातील कर्ता दुसऱ्या वाक्यात शोधू गेल्यास सापडत नाही. हा दोष विद्यार्थ्यांच्या आळसाचा आहे असे मानून आपण तांबडी रेघ मारून मोकळे होतो. परंतु थोडे खोलात गेल्यास असे दिसते की विद्यार्थी येथे भाषेनेच घालून दिलेल्या वाटेने चालला आहे. ती वाट कोणती, एवढेच पाहण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

आरंभ तत्सम शब्दांपासून न करता बोलीतील 'टाकणे' या क्रियापदापासून करणे इष्ट. 'त्याने बायको टाकली' हे वाक्य आपल्या इतक्या सरावाचे झाले आहे की त्यातील व्याकरणविशेष लक्षातही येत नाही. मनुष्यवाचक निश्चित कर्माला मराठीत सामान्यतः द्वितीयेचा प्रत्यय लागतो. 'त्याने बायकोला मारले', 'त्याने बायकोला बोलावले' असेच आपण म्हणतो. 'बायको बोलावली' असे सहसा म्हणत नाही. 'टाकणे'च्या बाबतीत मात्र 'बायको टाकली' हा कर्मणी प्रयोग अगदी सहज येतो, जसा 'पत्र टाकले', 'केर टाकला' येथे येतो. याच पंक्तीत 'मुलगी पाहिली', 'मुलगी दिली', 'बायको केली' हे प्रयोग बसतात. विवाहव्यवहारातील जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर स्त्रीवाचक नाम वस्तुवाचक नामासारखे वागते आणि 'टाकणे' हा त्या मालिकेतील शेवटचा टप्पा होय. 'त्याने पहिली टाकली, दुसरी केली' या वाक्यात तर नामही गळून पडले आहे. क्रमवाचक विशेषणावर काम भागते. उलट बाजूने 'तिने नवरा केला' असा प्रयोग आहे खरा, पण तो बहुधा निंदेसाठीच राखलेला असतो; आणि नवरा 'टाकला' असे क्वचितच ऐकू येते, तो 'सोडला' जातो.

'टाकणे' सहायक म्हणून येते तेव्हाही त्याचा स्वभाव उघड होतो. 'लिहून टाकले', 'विकून टाकले', 'सांगून टाकले' या रचनांत क्रिया पूर्ण झाल्याचा अर्थ आहेच. शिवाय कर्त्याला मोकळे झाल्यासारखे वाटते, ही छटाही आहे. 'एकदाचे पत्र लिहून टाकले' यात पत्राचे पुढे काय झाले, याची विचारपूस नाही. क्रियापदाची सारी सहानुभूती कर्त्याकडे आहे. ही सहानुभूती मनात ठेवून 'बायको टाकली' हे वाक्य पुन्हा वाचून पाहावे.

यापुढची पायरी कृदन्ताची आहे. 'टाकलेली' हे विशेषण कर्माचे, आणि 'नवऱ्याने' हे पद गाळले तरी अर्थाला बाध येत नाही. गावात, कचेरीत, लग्नाच्या मांडवात 'टाकलेली' एवढ्यावर ओळख पुरी होते. पण 'टाकणारा' हा शब्द कोणाची ओळख म्हणून वापरला गेल्याचे आढळत नाही. क्रिया एक असून तिच्यातील एका बाजूला नाव चिकटते, दुसरी बाजू बिननावाची राहते. बोलीने त्याहून सौम्य पर्यायही तयार केले आहेत : 'माहेरी असते', 'माहेरी बसलेली आहे', 'नांदत नाही'. यांपैकी शेवटचा पर्याय मला सर्वांत विलक्षण वाटतो. 'ती नांदत नाही' या वाक्यात जिला घरातून काढले तीच व्याकरणदृष्ट्या कर्ती होते. न नांदण्याचा दोष तिच्याकडे जातो. 'नांदवणे' हे प्रयोजक रूप मराठीत आहे आणि 'नवरा नांदवत नाही' असे म्हणताच कर्ता पुन्हा जागेवर येतो. ज्यांच्यावर प्रसंग आला त्या स्त्रियांच्या व त्यांच्या आयांच्या तोंडी बहुधा हे प्रयोजक रूपच असते. वकिलाच्या नोटिशीत मात्र 'नांदावयास यावे' असा साधा धातू येतो. व्याकरणातील हा फरक कोणी शिकवलेला नसतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुन्या मराठी समाजात वैवाहिक संबंध तोडण्याचे शब्दच नव्हते, असे नाही. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत हे तीन शब्द आजही सर्वांना ठाऊक आहेत. काडी मोडण्याच्या विधीला साक्षीदार लागतात. सोडचिठ्ठी हा लेख आहे. फारकत हा फारखत या फारसी वळणाच्या शब्दापासून आलेला असून देणेघेणे संपल्याचा तो दस्तऐवज होता. या तिन्ही शब्दांत संबंध तुटल्याची नोंद आहे, आणि ज्या जातींत पाट वा मोहतूर रूढ होता तेथे स्त्रीला पुढची वाट मोकळी होती. 'टाकणे' यात साक्ष नाही, लेख नाही, तारीख नाही. टाकलेल्या स्त्रीचा विवाह तुटलेला नसतो, फक्त तो एका बाजूने पाळला जात नाही. म्हणून काडीमोड आणि टाकणे यांना समानार्थी मानणारे आपले शब्दार्थ फार ढोबळ आहेत, असे म्हणावे लागते.

आता तत्सम शब्दांकडे वळू. 'त्याग' आणि 'टाकणे' यांत जे अंतर आज आपल्याला उच्च-नीच असे जाणवते, ते धातूंच्या पातळीवर मुळीच नाही. 'संन्यास' या शब्दात 'सम्' आणि 'नि' या उपसर्गांमागे 'अस्' हा फेकणे या अर्थाचा धातू आहे. आपल्या परंपरेतील सर्वांत उदात्त मानलेला हा शब्द अक्षरार्थाने 'पूर्णपणे टाकून देणे' एवढेच सांगतो. धातुपाठात 'त्यज्' धातूचा अर्थ 'हानि' या शब्दाने, तर 'हा' धातूचा अर्थ 'त्याग' या शब्दाने दिलेला आहे. दोन्ही धातू एकमेकांकडे बोट दाखवतात. 'विरह' या शब्दातील 'रह्' हाही त्यागार्थकच. असे असता 'हा' धातूच्या कर्मणि भूतकालवाचक धातुसाधिताचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. ते रूप म्हणजे 'हीन'. मुळात 'हीन' म्हणजे सोडलेला, मागे टाकलेला. पुढे त्याचा अर्थ उणा, कमी, आणि अखेर नीच असा झाला. ज्याने सोडले तो त्यागी. ज्याला सोडले तो हीन. हा अर्थपालट मराठीने केलेला नाही, तो तिला वारशाने मिळाला आहे.

मात्र त्या वारशाचा मराठीने पुढे किती निष्ठेने सांभाळ केला, याचे उत्तम उदाहरण अस्सल देशी शब्दांत आहे. 'जीव ओवाळून टाकणे' म्हणजे पराकोटीचे प्रेम, समर्पण. 'ओवाळून टाकलेला' म्हणजे वाया गेलेला, उनाड, कवडीमोलाचा. क्रिया तीच, क्रियापदही तेच. पहिल्यात दृष्टी ओवाळणाऱ्यावर आहे, दुसऱ्यात ओवाळून फेकलेल्या वस्तूवर. कृती उदात्त व्हावी आणि तिचे कर्म तुच्छ व्हावे, ही विभागणी जणू आपल्या भाषेच्या हाडीमाशी खिळली आहे. (याला एक हृद्य अपवाद आहे. ज्या घरात मुले जगत नसत तेथे नव्या बाळाला उकिरड्यावर किंवा केरात ठेवून पुन्हा उचलून आणीत, आणि त्याचे नाव उकिरडा किंवा केरू असे ठेवीत. येथे टाकणे हे राखण्यासाठी होते, मृत्यूला चकवण्यासाठी होते. पण तेथेही टाकणाऱ्या हातांनीच परत उचलले जाई, हे विसरता येत नाही.)

'परित्यक्ता' हा शब्द या संदर्भात बारकाईने पाहण्याजोगा आहे. 'परित्यक्त' या कर्मणि रूपाचे स्त्रीलिंग 'परित्यक्ता', अर्थ सोडून दिलेली. हे सर्वज्ञात आहे. पण 'परि' उपसर्गासह 'त्यज्' धातूला कर्तृवाचक 'तृ' प्रत्यय लावला तर 'परित्यक्तृ' हे प्रातिपदिक होते आणि त्याच्या पुल्लिंगी प्रथमेचे एकवचनही 'परित्यक्ता' असेच होते. मराठीने कर्ता, वक्ता, नेता, दाता, श्रोता हे सारे शब्द याच प्रथमान्त रूपात स्वीकारले आहेत. त्याच न्यायाने 'तो परित्यक्ता' म्हणजे परित्याग करणारा, असा प्रयोग व्याकरणदृष्ट्या पूर्ण निर्दोष आहे. एकाच ध्वनिरूपात टाकणारा आणि टाकलेली हे दोघेही उपलब्ध असताना मराठीने त्यांतील एकच उचलला. दुसऱ्याची तिला कधी गरज भासली नाही. कर्त्यासाठी शब्द हवाच असेल तर 'त्यागी' होता, आणि तो तर सन्मानाचा.

या ठिकाणी एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे. संन्यास हा मोक्षमार्ग आहे. बायको टाकणे हा स्वैराचार आहे. दोहोंना एका पंगतीत बसवणे म्हणजे परंपरेवर अन्याय करणे होय, असे म्हणता येईल. आक्षेप गंभीर आहे, पण परंपरेच्याच साक्षीने तो पुरता टिकत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात संन्यास आणि त्याग यांतील भेद सांगताना त्यागाचे तीन प्रकार केले आहेत, आणि नियत कर्माचा मोहाने केलेला त्याग हा तामस म्हटला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बायकामुलांची तरतूद केल्यावाचून प्रव्रज्या घेणाऱ्याला पूर्वसाहसदंड सांगितला आहे. म्हणजे घर सोडून जाणाऱ्याची नैतिक व व्यावहारिक झडती घेण्याची सोय शास्त्रांत होती. 'तामस त्याग' ही संज्ञा सिद्ध होती. मराठीत ती कधी वापरात आली नाही, ती भाष्यांतच राहिली. वापरात आला तो केवळ 'त्याग', विशेषणावाचून.

विठ्ठलपंतांची कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी. नामदेवांच्या नावावरील चरित्रपर अभंगांपासून ती मराठीच्या परिचयाची आहे. विठ्ठलपंत काशीस जाऊन संन्यास घेतात. पुढे गुरू आळंदीस येतात, नमस्कार करणाऱ्या रुक्मिणीबाईंना पुत्रवती होण्याचा आशीर्वाद देतात, तिची हकिकत ऐकून काशीस परततात आणि शिष्याला गृहस्थाश्रमात परत धाडतात. गुरूंच्या नावाविषयी परंपरेत मतभेद असले तरी या प्रसंगाविषयी एकवाक्यता आहे. गुरूंचा निर्णय स्पष्ट आहे : हा संन्यास चुकीच्या पायावर घेतलेला आहे. परंतु आपण ही कथा कोणत्या शब्दांत सांगतो? 'विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला', आणि मग 'ते पुन्हा संसारात आले'. 'रुक्मिणीबाईंना टाकले' असे पाठ्यपुस्तकात तर नाहीच, पण समीक्षेतही कोणी लिहीत नाही. आळंदीच्या ब्रह्मवृंदाने परत येण्याला पाप मानले आणि 'संन्याशाची पोरे' हे नाव चार मुलांना चिकटवले. सोडून जाण्याला नाव पडले ते पुण्याचे, परतण्याला पडले ते पापाचे, आणि दोन्ही नावांची शिक्षा ज्यांनी काहीच केले नव्हते त्यांना झाली. त्याच मुलांपैकी एकाने पुढे अठराव्या अध्यायावर आपल्या ग्रंथातील सर्वांत दीर्घ विवरण केले. त्याग आणि संन्यास यांच्या भेदाची चर्चा त्या घरातील मुलाला केवळ शास्त्रचर्चा वाटली असेल का, हा प्रश्न संशोधनाच्या कक्षेबाहेरचा आहे. पण वर्गात तो निघाल्यावाचून राहत नाही.

समर्थ रामदासांच्या बोहल्यावरून निघून जाण्याची कथाही अशीच. 'सावधान' या शब्दाचे माहात्म्य आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. अंतरपाटाच्या पलीकडे उभ्या असलेल्या मुलीचे नाव मराठीच्या किती प्राध्यापकांना सांगता येईल?

त्यागाच्या भाषेला पर्यायी भाषा मराठीत नव्हतीच असा मात्र याचा अर्थ नव्हे. ती होती, आणि बायकांनी ती जात्यावर जपली. रामकथेच्या उत्तरभागातील प्रसंगाला संस्कृत काव्यशास्त्राच्या प्रभावाखालील अभ्यासक 'सीतात्याग' किंवा 'सीतापरित्याग' म्हणतात. शीर्षकातच कर्ता राम आहे आणि सीता कर्म आहे. जात्यावरच्या ओव्यांत याच प्रसंगाला 'सीतेचा वनवास' म्हणतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी जमवलेल्या प्रचंड संग्रहात सीतेच्या वनवासाच्या ओव्यांचे स्वतंत्र दालन भरेल इतकी त्यांची संख्या आहे. 'वनवास' हा शब्द वापरताच घटनेचे केंद्र हलते. आता महत्त्व रामाने काय सोडले याला नाही. सीतेने काय भोगले, रानात तिला कोण भेटले, बाळंतपण कोणी केले, याला आहे. 'त्याग' ही क्षणात घडणारी क्रिया आहे, 'वनवास' हा काळ आहे. तो काढावा लागतो. मराठी बाई स्वतःच्या सासरच्या हालांनाही 'वनवास काढला' असेच म्हणते, त्यामुळे सीतेचे व तिचे नाते शब्दानेच जुळते. रामकथेच्या मराठी रूपांवर काम करणाऱ्यांनी ही दोन शीर्षके समानार्थी म्हणून वापरणे थांबवले तरी पुष्कळ काम होईल. ओव्यांवरील एखाद्या प्रकरणाला 'लोकगीतांतील सीतात्याग' असे नाव देणे म्हणजे त्या ओव्या रचणाऱ्यांच्या हातून त्यांचा शब्द काढून घेणे होय.

'सोडणे' या क्रियापदाचा इतिहास वेगळा लिहिला पाहिजे; येथे त्याची एकच बाजू नोंदवतो. 'वाऱ्यावर सोडणे' यात दोष कर्त्याकडे आहे, हे भाषेला मान्य आहे. परंतु 'देवाला सोडणे' म्हणताच तो दोष नाहीसा होतो. खंडोबाला सोडलेली मुरळी, यल्लम्माला सोडलेली जोगतीण, हे प्रयोग मराठीत शेकडो वर्षे नांदले आहेत. सोडणारा येथे भक्त ठरतो, दाता ठरतो. वळूही देवाला सोडतात, हे साम्य ध्यानात घेण्यासारखे आहे. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला, आणि महाराष्ट्रात देवदासी प्रथा निर्मूलनाचा स्वतंत्र अधिनियम २००५ चा. दोन कायद्यांमधील अंतर सात दशकांचे आहे. 'सोडणे' या शब्दामागची धार्मिक झिलई किती टिकाऊ होती याची कल्पना त्यावरून यावी. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांचे महत्त्व त्यांच्या विषयाच्या नवेपणात आहे असे सांगण्याची रीत आहे. मला ते अन्यत्र वाटते. या कादंबऱ्या 'देवाला सोडणे' या वाक्प्रयोगाचा कर्ता शोधतात : कोणी सोडले, कोणाच्या सांगण्यावरून, आणि त्यात कोणाचा काय लाभ होता.

स्मृतिचित्रांचा उल्लेख केल्यावाचून मराठीतील या विषयाची चर्चा पुरी होणार नाही. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात घर सोडून अचानक निघून जाणारा नवरा पानोपानी आहे. ना. वा. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंनी तो १९०० साली स्वीकारला. मधल्या काळातील बरीच वर्षे दोघे वेगळे राहिले. टिळकांच्या बाजूने पाहिले तर हा धर्मासाठी केलेला सर्वस्वत्याग आहे, आणि टिळकांवरील लेखनात तो तसाच येतो. लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहिले तर त्या काळाच्या समाजाने त्यांना 'टाकलेली' हेच नाव दिले असते. त्यांच्या लेखनाचे सामर्थ्य असे की त्या या दोन्ही नावांत अडकत नाहीत. टिळकांना त्या त्यागी म्हणून मखरात बसवत नाहीत, आणि स्वतःला कर्मस्थानी बसू देत नाहीत. टिळक निघून गेल्याचे सांगतानाही पुढच्या वाक्यात त्या स्वतः काहीतरी करत असतात : भांडतात, रडतात, हसतात, बिऱ्हाड हलवतात, कोणाला तरी जेवू घालतात. त्यांच्या विनोदाची चर्चा आपण पुष्कळ केली. हा विनोद ज्या वाक्यरचनेतून येतो तिच्यात कर्तेपण त्यांनी स्वतःकडे ठेवले आहे, याची चर्चा अजून व्हायची आहे. अशा ग्रंथावरील प्रबंधिकेत 'लक्ष्मीबाईंचा त्याग' असे प्रकरण आढळते तेव्हा मराठी गद्याची ती सारी कमाई वाया गेल्यासारखी वाटते.

कायद्याची भाषा रुक्ष म्हणून आपण तिच्याकडे पाठ फिरवतो, पण येथे ती साहित्याच्या भाषेपेक्षा अधिक चौकस आहे. हिंदू विवाह अधिनियम १९५५ मध्ये परित्याग हे प्रथम न्यायिक विभक्ततेचे कारण होते. १९७६ च्या दुरुस्तीने ते घटस्फोटाचेही कारण झाले. किमान दोन वर्षांचा अवधी लागतो, आणि हेतुपूर्वक केलेली उपेक्षाही परित्यागात मोडते. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली बिपिनचंद्र शाह विरुद्ध प्रभावती या मुंबईहून गेलेल्या खटल्यात हे स्पष्ट केले की केवळ वेगळे राहणे म्हणजे परित्याग नव्हे. सहजीवन कायमचे संपवण्याचा हेतू सिद्ध झाला पाहिजे. त्या खटल्यात पतीला तो सिद्ध करता आला नाही. पुढे जाऊन कायदा असेही मानतो की घराबाहेर पडलेली व्यक्ती हीच परित्याग करणारी असते असे नाही. जिच्या वर्तनामुळे दुसऱ्याला बाहेर पडावे लागले ती व्यक्ती घरात बसूनही परित्यागाची कर्ती ठरू शकते. कोण गेले याहून कोणी जायला लावले, हा प्रश्न कायदा विचारतो. 'नांदत नाही' या वाक्प्रयोगाला हा प्रश्न कधी सुचत नाही.

शासकीय मराठीने मात्र कायद्याचा हा चौकसपणा घेतला नाही. २०२४ सालच्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या पात्रतेत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार अशी वर्गवारी आली. 'परित्यक्ता' हा वर्ग त्यात आहे ही चांगली गोष्ट आहे, नाहीतर या स्त्रिया कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. पण पुरुषांकडून भरून घेतल्या जाणाऱ्या कोणत्याही अर्जात 'पत्नीस सोडले आहे काय' असा रकाना नसतो. जनगणनेत तर 'विभक्त' हा त्याहून पुसट शब्द आहे. विभक्त होणे ही दोघांची क्रिया. एक विभक्त असेल तर दुसराही असणारच. तरीही २०११ च्या जनगणनेत विभक्त स्त्रियांची संख्या २३ लाखांहून अधिक आणि विभक्त पुरुषांची तिच्या जवळजवळ निम्मी भरली. शब्द समतोल आहे, आकडे नाहीत. उरलेले पुरुष पुन्हा संसार मांडून 'विवाहित' या रकान्यात गेले असावेत, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

या शब्दांशी खरी झुंज घेतली ती साहित्यिकांनी नव्हे, चळवळीने. १९८८ साली संगमनेर येथे समता आंदोलनाने परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरवली, आणि जो शब्द कुजबुजत उच्चारला जाई तो व्यासपीठावर आला. त्या लढ्यातील निशा शिवूरकर यांच्या पुस्तकाचे नाव 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' असे आहे. परिषदेच्या नावात तत्सम शब्द आणि पुस्तकाच्या नावात देशी शब्द, ही निवड अर्थपूर्ण वाटते. 'परित्यक्ता' या शब्दाने अर्ज करता येतो, 'टाकलेली' या शब्दाने फिर्याद करता येते. अलीकडे 'एकल महिला' हा शब्द पुढे आला आहे. विधवा, अविवाहित, घटस्फोटित, टाकलेली या सर्वांना एकत्र संघटित करण्यासाठी त्याचा उपयोग आहे, आणि त्यात मानहानी नाही, हे मान्यच केले पाहिजे. तथापि साहित्याच्या अभ्यासकाने तो जपून वापरावा, असे माझे मत आहे. नवरा मेल्याने एकटी झालेली आणि नवऱ्याने हाकलल्याने एकटी झालेली या दोघींच्या कथानकांत एकटेपणा समान असेल. घटना समान नाही. 'एकल' हा शब्द मानहानी पुसतो आणि तिच्याबरोबर मानहानी करणारालाही पुसतो.

मग अभ्यासकाने करायचे काय? नवा शब्द घडवावा असे मला वाटत नाही. घडवलेल्या शब्दांची आपल्याकडील परिभाषाकोशांत आधीच दाटी झाली आहे. पुल्लिंगी 'परित्यक्ता' प्रचारात आणावा अशी सूचनाही मी करणार नाही. तो व्याकरणाचा विनोद म्हणून वर्गात सांगावा, विद्यार्थी तो विसरत नाहीत. मागणी एवढीच आहे की प्रबंधिकेतील वाक्य कर्तरी वा कर्मणी कसेही असो, त्यात कर्ता असावा. 'ही परित्यक्ता नायिका' असे लिहिण्याऐवजी 'जिला नवऱ्याने दुसऱ्या लग्नासाठी टाकले ती नायिका', किंवा 'मुलगा होत नाही म्हणून सासऱ्याने जिला माहेरी धाडले ती नायिका' असे लिहावे. वाक्य लांबेल, आणि त्याच वेळी विद्यार्थ्याला कादंबरीत परत जाऊन पाहावे लागेल की खरोखर कोणी टाकले : नवऱ्याने, सासूने, भावकीने, की लेकीला दारात उभी करून न घेणाऱ्या तिच्या बापाने. कित्येक कादंबऱ्यांत याचे उत्तर पहिल्या वाचनात वाटले होते त्याहून वेगळे निघते. 'त्यागी' या विशेषणाच्या बाबतीतही तसेच. काय सोडले, कोणाच्या भरवशावर सोडले, आणि सोडल्यावर त्या घरातील चूल कोणी पेटती ठेवली, ही माहिती बहुतेक वेळा लेखकाने कोठेतरी दिलेली असते, दुय्यम पात्राच्या तोंडी, एखाद्या पत्रात, जाता जाता. ती जागा शोधून तिचा पृष्ठांक प्रकरणात द्यावा.